पत्र्याखालचा गंज

गेल्या वर्षी वैशाख पौर्णिमा होऊन आठवडाही झाला नसेल, तोच माझे धाकटे दीर सकाळी सकाळी दारात उभे. चहा घेतला, इकडचे तिकडचे बोलले आणि मग म्हणाले, "वहिनी, पाऊस पडायच्या आत गाडीच्या हौद्यात चेकर प्लेट टाकून घ्यायची आहे. अकरा हजार लागतील. पतपेढीतून तुमच्या नावावर तेवढी उचल मिळते का बघा."

गाडी म्हणजे त्यांची जुनी पिकअप, २०१२ सालची. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ती सेकंडहँड घेतली. कर्ज पतपेढीचे आणि जामीन मी. मी लिपिक आहे, दरमहा पगाराची स्लिप मिळते, म्हणून घरात सही करायची वेळ आली की सगळ्यांना माझी आठवण होते. ही गाडी शहापूर, किन्हवली, सरळगाव अशी रोज फिरते. पावसाच्या तोंडावर खते आणि बियाणे, दिवाळीनंतर भाताची पोती, पुढे भेंडी-काकडीचे क्रेट कल्याणच्या बाजार समितीपर्यंत, मध्येच एखाद्या वीटभट्टीचे भाडे. उन्हाळ्यात पाण्याची पिंपेसुद्धा. मुंबईला पाणी पाजणारे तानसा आणि भातसा हे जलाशय आमच्याच शहापूर तालुक्यात. तानसाचे धरण तर १८९२ सालचे. तरी मे महिन्यात आमच्या पाड्यांवर पाणी गाडीतून न्यावे लागते. असो. सांगायचे एवढेच की, हे सारे ओझे हौद्याच्या त्या एका पत्र्यावर पडते. त्याला अस्तर हवे, हे दिरांचे म्हणणे खोटे नव्हते.

पण अकरा हजार म्हणजे आपल्यासारख्या घरात थोडी रक्कम नाही. मी म्हटले, "भाऊजी, ऑफिसात पाचशे रुपयांची वस्तू घ्यायची तरी तीन ठिकाणचे भाव मागवतात. मला दोन रविवार द्या." ते थोडे नाराज झाले. "वहिनी, त्यात बघायचे काय? सगळे प्लेटच टाकतात," असे म्हणून निघून गेले.

मी चौकशी केली. ती आपल्या वाचक बंधू-भगिनींपैकी ज्यांच्या घरी असे वाहन आहे त्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून सांगते.

पहिला प्रकार प्लायवूडचा. बारा मिलिमीटरचा जाड प्लाय कापून हौद्यात टाकतात. स्वस्त आणि हलका. विटांचा मार तो चांगला सोसतो. पण आपल्या भागात पाऊस चार महिने कोसळतो. प्लाय पाणी पितो, फुगतो, त्याचे थर सुटतात आणि ओल्या गोणपाटासारखा तो पत्र्याला चिकटून बसतो. वरून सुकलेला दिसला तरी खालून ओलाच राहतो.

दुसरा प्रकार चेकर प्लेटचा, म्हणजे नक्षीदार जाड लोखंडी पत्रा. दणकट यात शंका नाही. खडी, रेती फावड्याने उपसायची असेल तर याच्यासारखे दुसरे काही नाही. पण त्याचे वजन बघा. आमच्या गाडीचा हौदा आठ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद, म्हणजे २.४४ मीटर गुणिले १.६८ मीटर. त्याला जाडीच्या मिलिमीटरने आणि मग ७.८५ ने गुणले की लोखंडाचे वजन किलोत निघते. तीन मिलिमीटरच्या साध्या पत्र्याचे साडेशहाण्णव किलो झाले. नक्षीचे वजन त्यात धरले की शंभरच्या पुढे गेले. म्हणजे प्रत्येक खेपेला एक क्विंटल माल कमी भरायचा, नाहीतर एक क्विंटल जास्तीचा भार टायरवर आणि पाट्यांवर घालायचा. डिझेल जळणार ते वेगळेच. हा हिशेब वेल्डिंगवाला सांगत नाही, कारण तो भाव प्लेटचा सांगतो, खेपांचा नाही.

तिसरा प्रकार मोबाईलवर माझ्या मुलाने दाखवला. अमेरिकेत आणि थायलंडमध्ये हौद्याच्या मापाचे प्लॅस्टिकचे अखंड टोपले मिळते, ते नुसते आत बसवायचे. किंवा रबरासारखा घट्ट बसणारा रंग फवारून घ्यायचा. फवारलेले अस्तर पत्र्याला एकजीव होते, खाली पाणी शिरायला जागा राहत नाही, ही त्याची खुबी. पण ते नव्या गाडीला शोभते. आम्हाला सांगितलेला भाव वीस हजारांच्या वर होता, आणि गंजलेल्या पत्र्यावर ते फवारले तर गंजासकट पापुद्रा निघतो. प्लॅस्टिकच्या टोपल्याची गोष्ट वेगळी. ते गाडीच्या हादऱ्याने खालच्या रंगावर घासत राहते, रंग उडतो आणि तिथेच पाणी साचते. शिवाय ते गुळगुळीत. ब्रेक मारला की क्रेट पुढे सरकतात.

चौथा प्रकार रबराचा. पाच-सहा मिलिमीटरची मॅट, किंवा कारखान्यातल्या कन्व्हेअर बेल्टचा जुना पट्टा, जो भंगाराच्या बाजारात मिळतो. वजन तीस-पस्तीस किलो. माल घसरत नाही, आवाज होत नाही, आणि मुख्य म्हणजे दोन माणसे तो गुंडाळून बाहेर काढू शकतात. दोष असा की विटांच्या कोपऱ्यांनी तो कापला जातो आणि फावडे त्यात अडकते. जुन्या पट्ट्यात कापडाचे थर असतात, कापलेल्या कडेतून ते पाणी शोषतात. त्या कडांना रबराचे सोल्युशन लावून घ्यावे लागते.

माझे मत रबराकडे झुकले. दुसऱ्या रविवारी मी दिरांबरोबर गॅरेजवर गेले. मिस्त्री भला माणूस. मी हौद्यात चढले तेव्हा त्याने स्टूल आणून दिले. हौद्यात आधीच्या मालकाने टाकलेला प्लाय होता, काळा पडलेला. मी म्हटले, "मिस्त्री, हा आधी काढा. खाली काय आहे ते बघू."

दीर घाईने म्हणाले, "वहिनी, तो कशाला काढायचा? वरूनच प्लेट टाकायची आहे. चारी बाजूंनी टाके मारले की झाले."

मिस्त्रीने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग पहार घातली. प्लाय वर आला तो तुकड्यातुकड्यांनी. खालचा पत्रा तांबडा लाल. हाताने खरवडला की पापुद्रे निघत होते. फाळक्याजवळ डाव्या बाजूला तर हात जाईल एवढे भोक, आणि त्यातून खालची जमीन दिसत होती. ज्या आडव्या पट्टीवर हौदा टेकतो तीही तिथे खाल्ली गेली होती. पाणी बाहेर जाण्याची भोके माती आणि भाताच्या तुसाने बुजलेली. खताची गोणी फाटून सांडलेले दाणे कोपऱ्यात घट्ट झाले होते. मिस्त्री म्हणाला, "ताई, खत आणि पाणी एक झाले की लोखंड असे खातात. वरून प्लेट मारली असती तर दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी बसले असते. वर चकाचक, आणि एक दिवस भरल्या गाडीचा मागचा भाग खाली बसला असता."

मी दिरांकडे पाहिले. ते बघत होते भलतीकडेच. त्यांना ते भोक नवीन नव्हते, हे मला तेव्हाच कळले.

घरी येईपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही. रात्री माझी धाकटी जाऊ माझ्याकडे आली. पदराखाली पतपेढीचे पत्र होते. म्हणाली, "ताई, तीन हप्ते थकलेत. जानेवारीत गिअरबॉक्स गेला, त्यात पैसे गेले. तुम्हाला सांगू नको म्हणून मला शपथ घातली होती. मुरबाडकडचा एक मुलगा गाडी घ्यायला तयार आहे. नवीन प्लेट टाकून, रंग मारून पाऊस पडायच्या आत त्याला द्यायची आणि कर्ज फेडायचे, असे ठरले होते. तो मुलगा आपल्याच समाजातला आहे. त्याने सोसायटीतून कर्ज काढलेय."

खरे सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही. राग तर आलाच. थकबाकीची नोटीस उद्या माझ्या ऑफिसात आली असती आणि पगारातून कपात झाली असती. पण त्याहून मला त्या मुरबाडच्या मुलाचे वाईट वाटले. त्याचीही कुणी बहीण नाहीतर वहिनी जामीन राहिली असेल. तिनेही माझ्यासारखीच वरवर गाडी पाहिली असेल. कारण चूक माझीही होती. मी बी.कॉम. झाले, दुसऱ्यांची बिले तपासण्यात माझी वीस वर्षे गेली. तीन वर्षांपूर्वी जामीनपत्रावर सही करताना मी गाडीचे कागद तपासले, विमा तपासला, पासिंग तपासले. हौद्यातला प्लाय उचलून बघितला नाही. रंग नवा होता, त्यावर हार घातला होता, आणि आपल्या घरात पहिल्यांदा गाडी येते याचाच आनंद मोठा होता.

त्या आनंदाला कारणही तसेच होते. माझे आजेसासरे गावकीची वेठ करीत. गावचा निरोप पोचवायचा, सरकारी माणसाचे सामान डोक्यावरून पुढच्या गावाला न्यायचे, मेलेले ढोर ओढायचे. परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले. ते वतन कायद्याने जायला १९५८ साल उजाडावे लागले. माझे सासरे पुढे कल्याणला हमाली करीत. म्हणजे या घरात ओझे वाहण्याचे काम नवे नाही. नवे एवढेच की, आता ओझे स्वतःच्या नावाच्या गाडीवर आहे आणि भाडे ठरवणारे आपण आहोत. आरसी बुकावर मुलाचे नाव बघून सासूबाईंनी ते पुस्तक कपाळाला लावले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे एकत्र बसलो. मी पत्र मध्ये ठेवले. दीर खाली मान घालून बसले. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "वहिनी, मला ज्याने गाडी विकली त्याने मला हेच केले. मी कुणाला सांगणार? तुम्हीच म्हणाला असता, बघून का घेतली नाहीस. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे वाटले."

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "तुला फसवले म्हणून तू दुसऱ्याला फसवणार. मग तो तिसऱ्याला. आणि आपण विहारात जाऊन पंचशील कशाला म्हणतो रे?"

त्या शाळेत गेलेल्या नाहीत. पण मुसावादा म्हणजे खोटे बोलणे, आणि खोटे फक्त तोंडानेच बोलले जाते असे नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा बरे कळते. नवा पत्रा हासुद्धा खोटे बोलू शकतो. तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली. आपण तिचा अर्थ काढतो की शस्त्रांचा, दारूचा, विषाचा धंदा करू नये. पण भेंडी वाहणाऱ्या साध्या पिकअपचा व्यवहारही सम्यक असू शकतो किंवा नसू शकतो, हे मला त्या दिवशी उमगले.

मग हिशेब मांडला. गाडी विकायची नाही, दुरुस्त करून चालवायची. पत्र्याचा गंजलेला भाग कापून नवा तुकडा आणि खालची आडवी पट्टी, वेल्डिंगसह ३,२०० रुपये. तारेच्या ब्रशने गंज काढणे, प्रायमर, रंग आणि खालून डांबरी काळा लेप १,८०० रुपये. जुना कन्व्हेअर पट्टा, कापून आणि कडा बंद करून, ३,५०० रुपये. एकूण ८,५००. चेकर प्लेटच्या अकरा हजारांपेक्षा अडीच हजार कमी, आणि गंज झाकला न जाता निघाला. ते अडीच हजार थकलेल्या हप्त्याकडे वळवले. मी स्वतः पतपेढीत जाऊन बसले, खरी परिस्थिती सांगितली, आणि थकलेले हप्ते पुढच्या महिन्यांत थोडे थोडे भरण्याचे लेखी ठरवून घेतले. मुरबाडच्या मुलाला दिरांनी स्वतः फोन केला. काय बोलले ते मी ऐकले नाही. फोन ठेवल्यावर म्हणाले, "तो म्हणाला, दादा, सांगितलेत ते बरे केलेत."

काम करताना मिस्त्रीने ज्या गोष्टी सांगितल्या त्या लिहून ठेवल्या आहेत. वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवावी आणि डिझेलची टाकी कुठे आहे ते बघूनच ठिणगी पाडावी. गंज पूर्ण निघून चकचकीत लोखंड दिसल्याशिवाय प्रायमर लावू नये. हौद्यातली पाण्याची भोके मोकळी ठेवावीत आणि रबराला त्याच जागी भोके पाडावीत. रबर गोंदाने चिकटवू नये, नुसते अंथरावे, म्हणजे उचलता येते. खत वाहिले की त्याच दिवशी हौदा धुवावा. गाडी उभी करताना फाळका उताराकडे ठेवावा, म्हणजे पाणी आपोआप निघून जाते. विटांचे भाडे असेल तर रबरावर जुन्या फळ्या टाकाव्यात. आणि ज्यांचा धंदा खडी-रेतीचाच आहे त्यांनी चेकर प्लेट जरूर घ्यावी, पण आधी खालचा पत्रा साफ करून, रंगवून, आणि कडा टाक्यांनी न जोडता अखंड वेल्डिंगने बंद करून. गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंग करावे लागते. त्याच सुमाराला हे सगळे तपासून घेतले की वेगळा खाडा पडत नाही.

आणखी एक गोष्ट महिला मंडळाच्या भगिनींसाठी. रबर अंथरल्यावर आमच्या बायका म्हणाल्या, "आता बरे झाले, जयंतीला हौद्यात बसून जाता येईल." त्याआधीच्या १४ एप्रिलला ओल्या प्लायवर पाय घसरून आमच्यातल्या एकीचे मनगट मोडले होते, हे त्या विसरल्या नव्हत्या. पण मी नाही म्हटले. मालाच्या गाडीत माणसे नेणे कायद्याने मना आहे. अशा गाडीत फुकट बसलेल्या माणसाला अपघात झाला तर भरपाई देण्याचे बंधन विमा कंपनीवर नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच दिलेला आहे. म्हणजे जखम आपली, आणि भरपाईही गाडीमालकाच्या घरातून. रबराने हौदा मऊ होतो, पण तो माणसांसाठी होत नाही. यंदा आम्ही वर्गणी काढून एसटीने गेलो. हौद्यात होती ती बाबासाहेबांची प्रतिमा, फुले आणि लाऊडस्पीकर.

घरात आम्ही एक नियम केला आहे. दर पौर्णिमेला विहारातून वंदना करून आलो की दीर आणि माझा मुलगा रबर गुंडाळून बाहेर काढतात, हौदा धुतात, सुकवतात. त्याच वेळी ओट्यावर मी आणि जाऊ हप्त्यांची वही उघडतो. भाडे किती आले, डिझेल किती, पतपेढीत किती भरले, सगळे मोठ्याने वाचायचे. आषाढ ते आश्विन हा वर्षावासाचा काळ. त्याच्या शेवटी भिक्खूंची पवारणा असते. माझा काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तुम्हाला शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. इतकी वर्षे हे प्रवचनात ऐकत होते. ते संसारी माणसाच्याही कामाचे आहे असे कधी वाटले नव्हते.

आश्विन पौर्णिमेला रबर उचलले. पावसाळा पुरा काढलेला होता. पत्रा कोरडा, रंग जागच्या जागी. वहीत तीनपैकी दोन हप्ते फिटलेले. मी ओट्यावर बेरीज करीत होते, तेवढ्यात हौद्यातून दिरांनी हाक मारली, "वहिनी, जरा इकडे या. हे बघा."

डाव्या कोपऱ्यात, फाळक्याजवळ, रुपयाच्या नाण्याएवढा तांबडा डाग होता. मी वाकून बघेपर्यंत त्यांनी खिशातून पॉलिश पेपर काढून घासायला सुरुवातही केली होती.

जयभीम.